ज्येष्ठांना सोबत घेऊन धुळे ते कन्याकुमारी

घरातली वयस्कर माणसे बरोबर असतील तर देशाच्या टोकापर्यंतचा प्रवास रेल्वेनेच करावा, असे अनेकांचे मत असते. ते मला अर्धेच पटते. आम्ही धुळ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५२ ने संभाजीनगर, सोलापूर, विजयपुरामार्गे हुबळी गाठली आणि पुढे बंगळुरूहून ४४ क्रमांकाचा महामार्ग धरला. पुढची सीट तात्यांना दिली होती. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला कंटाळा येईल ही भीती फोल ठरली, कारण हुबळीच्या पुढे काळी जमीन हळूहळू तांबूस होऊ लागली तेव्हा मोबाइलमध्ये गुंतलेल्या नातवंडांना ती दाखवणारे तेच होते. तमिळनाडूतल्या नागरकोइलजवळ एका टपरीवर टांगलेले लाल केळ्यांचे घड त्यांनी उलटसुलट करून पाहिले, साल नखाने टोकरली आणि आपल्या रावेर-यावलच्या केळीशी तुलना करत विक्रेत्याशी खुणांनीच बराच वेळ बोलले. तिथून जवळच असलेल्या मुप्पंदल गावच्या पवनचक्क्या पाहून मात्र 'या तर आपल्या साक्रीकडेही आहेत' एवढेच म्हणाले!

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन दिवस पुरली. पुढे इडलीवर कोणाची तक्रार नव्हती. गुडघेदुखी असलेल्यांसाठी दर दोन तासांनी थांबणे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठणे, या दोन गोष्टी पाळणार असाल तरच मोटारीचा विचार करावा. अन्यथा रेल्वेच बरी.