मार खाल्लेल्या घोडीला पुन्हा शिकवायचं, की नुसतं राहू द्यायचं?

घोडबंदरकर
गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी एक वरातीची घोडी घेतली. 'वाचवली' वगैरे म्हणत नाही, पैसे मोजून घेतली. बँडच्या आवाजाला बुजून तिने नवरदेवाला खाली घेतलं होतं, म्हणून मालकाला ती नको होती. आता ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी मित्राच्या जागेत असते. (घोडबंदर नावाच्या रस्त्यावर घोड्याला पाय टाकायला जागा नाही, हे वेगळं सांगायला नको.) रात्री पक्क्या तबेल्यात, कारण बिबट्या.

आली तेव्हा बरगड्या मोजता यायच्या. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत काटेरी लगामाचे जुने व्रण. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनीच बंद आहे. आम्ही उत्साहात हरभरा-गूळ घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी हातातली पिशवी काढून घेतली. उपाशी जनावराला एकदम दाणा दिला तर रक्तातले क्षार बिघडून ते दगावू शकतं. त्यामुळे आधी नुसता लसूणघास, थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. चंदी, म्हणजे दाणा, खूप नंतर.

आता नऊ महिने झाले, अंग भरलंय. आमच्यातले दोघे म्हणतात, शिकवणं-बिकवणं बंद, तिला चरू द्या. माझं मत उलट आहे. माणसाच्या हाताची भीती जाईपर्यंत शिकवायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं?

सावली
मी त्या दोघांच्या बाजूने. दादा, तिला तुमच्याकडून चारा, पाणी आणि सावली हवी. 'शिकवणं' हा शब्द माणसाच्या सोयीचा आहे. आणि दुसरं, तुम्ही म्हणाल ती आता शांत झाली. मार खाल्लेलं जनावर शांतच उभं राहतं हो! हललं की मार, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं. तुमची शांत घोडी आणि हरलेली घोडी यांत फरक कसा करता?

घोडबंदरकर
ताई, प्रश्न बरोबर आहे. पहिला महिना मीही फसलो होतो. पुतळ्यासारखी उभी राहायची आणि मला वाटायचं, वा, गुणी आहे. आमचे नालबंद मामा म्हणाले, "नाकपुडी बघ. तिने श्वास धरलाय." तेव्हापासून दोरी कधी बांधत नाही, नुसती गळ्यात सैल. नको असेल तर ती निघून जाते, आणि सुरुवातीला रोज जायची.

पायाचं सांगतो. खूर महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतं, दीड-दोन महिन्यांनी कापावंच लागतं. ही मागचा डावा पाय हातच लावू देत नव्हती. अशा घोड्याचं काय करतात ते ठाऊक आहे ना? नाकाला दोरीचा फास घालून पिळतात आणि चार जण धरतात. मामांनी ते केलं नाही. खांद्याकडून जायचे, अगदी समोरून नाही, कारण कपाळापुढचं घोड्याला दिसत नाही. पाठीवरून हात फिरवत मांडीपर्यंत. तिथे ती आखडली की हात तिथेच ठेवायचा, ओढायचा नाही, दाबायचा नाही. तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं रे टाकलं, की हात काढायचा आणि मागे व्हायचं. बस, त्या दिवसाचं काम झालं. पाचव्या आठवड्यात तिने स्वतः खूर टेकवल्यासारखं सैल केलं, खालचा ओठ लोंबला आणि केवढा तरी मोठा उसासा टाकला. याला शिकवणं म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण नुसतं चरायला सोडलं असतं तर ती वाढलेल्या खुरांनीच लंगडी झाली असती.

कळव्याचा वरातवाला
वाचतोय मगापासून. आमच्या घरात तीन पिढ्या घोड्या आहेत. काटेरी लगाम घालणाऱ्याला मीही शिव्या देतो. पण चातुर्मासात लग्नं नसतात, घोडी मात्र रोज खाते. आणि डीजेच्या भिंतीपुढे "नाचवा, नाचवा" कोण ओरडतं? तुमच्याच टॉवरमधली मंडळी. घोडी बुजली की दोष आमचा.

काका म्हणून एक विचारतो. नीट राखलेली घोडी २५ वर्षंही जगते. तुम्ही चौघे तेवढी पुरणार का? बदली झाली, भांडण झालं, तर पाठीवर कुणाला न घेणारी घोडी कोण सांभाळेल? २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या. चालकांच्या पोटाचं बरंच बोललं गेलं. घोड्यांचं कितींनी विचारलं? माझं ऐकाल तर खोगीरसुद्धा शिकवा. काम येणाऱ्या जनावराला घर मिळतं.

तीन हात नाका
सगळे घोडीलाच शिकवताय. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये ठेवला होता. दोन वडापाव आणि चहा. शिकवायचं तर आधी तिथून.

सावली
तीन हात नाका, मान्य, पण तो वेगळा धागा होईल.
घोडबंदरकर, खुरांचं पटलं. डॉक्टर, नालबंद, गळ्यात दोरी, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आले असं समजा. वरातवाले काका, तुमची गोष्ट कडू आहे पण खरी आहे. तरी खोगिराला माझा नकार. "पुढे कुणी घ्यावी म्हणून आज पाठीवर बसतो" हे मला अजून पचत नाही. तिची सोय लावायची तर चौघांनी पैसे बाजूला टाका ना, तिच्या पाठीवर का?

घोडबंदरकर
पैसे टाकायचं आजच ग्रुपवर लिहितो. खोगिराचं मलाही ठरवता येत नाहीये. काकांचं गणित डोक्यातून जात नाही, आणि तिच्या ओठांचे व्रणही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं एक राहिलं होतं. परवा खालच्या वस्तीतून दहीहंडीच्या सरावाचे ढोल आले. घोडीचे कान टवकारले, मान वर, दोन पावलं मागे. मी काहीच केलं नाही. मिनिटभराने मान खाली घालून परत गवत ओढायला लागली. हरलेली घोडी दचकलीच नसती, आणि घाबरून राहिली असती तर तोंडात घास गेला नसता.

मामा रविवारी येणार आहेत. मागचा डावा अजून दहा आकडे मोजेपर्यंतच देते.

कळव्याचा वरातवाला
किती वाजता? येतो बघायला. सफरचंद आणू नका, फुकट लाडावते. गाजर आणतो.