काळ्या मातीतून बोअरपर्यंत केबल गाडायची आहे, खोली किती ठेवावी?

प्रश्न (लातूर जिल्हा)
घरापासून बोअर ५५ मीटर. १ एचपी सिंगल फेज सबमर्सिबल, पॅनल (मोटर चालू-बंद करायचा डबा) घरातच. वाटेत गेटचे दोन दिवे. जमीन भारी काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वायरमन म्हणतोय, एक इंची पीव्हीसी पाइपात साधी वायर घालून फूटभर खाली दाबू. चालेल का?

उत्तर १
नाही चालणार, दादा. काळं रान पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्या ओढीत पाइपाचे सॉकेट सुटतात, आत पाणी भरतं आणि साधी वायर वर्षानुवर्षं पाण्यात बसते. शिवाय फूटभर खोलीवर कुदळीचा एक घाव पुरतो.

आर्मर्ड केबलच (लोखंडी तारांचं कवच असलेली) घ्या. पॅनल घरात असल्यामुळे मोटरकडे रन, स्टार्ट आणि कॉमन अशा तीन तारा जातात, चौथी अर्थिंगची. म्हणजे ४ कोअर, तांब्याची, ४ चौरस मिमी. २.५ ची घेतली तर चालू मोटरवर ७ व्होल्टच्या आसपास घट येते, ४ मध्ये साडेचार. फरक थोडा वाटतो, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना मोटर उचलायची वेळ येते तेव्हा तो कळतो. दिव्यांना १.५ चौरस मिमीची ३ कोअर वेगळी टाका, चर तोच.

चर ७५ सेंमी खोल, ३० सेंमी रुंद. तळाला ८ सेंमी चाळलेली वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा ८ सेंमी वाळू. एक ब्रास (१०० घनफूट) पुरते. वाळूवर शहाबादी फरशीचे तुकडे किंवा आडव्या विटा (५०० ते ५५०), मग माती थराथराने धुम्मस मारून. जमिनीखाली फूटभरावर लाल-पिवळी इशारा पट्टी. केबल ताणून सरळ टाकू नका, किंचित नागमोडी ठेवा आणि दोन्ही टोकांना मीटरभर सैल राखा. भेग ओढेल तेव्हा तेच कामाला येतं. वळण केबलच्या जाडीच्या १२ पट त्रिज्येपेक्षा कमी नको. मधे जोड अजिबात नको, ६० मीटरचा एकच तुकडा आणा.

उत्तर २
रंगांवर लक्ष द्या, भाऊ. ४ कोअर आर्मर्ड केबलीत लाल, पिवळा, निळा, काळा असतात, हिरवा नसतोच. काळ्या तारेवर दोन्ही टोकांना हिरवी स्लीव्ह चढवून ती अर्थिंगला ठेवा, नाहीतर पुढचा वायरमन तिला न्यूट्रल समजेल. बोअरच्या टोकाला ती केसिंगच्या (बोअरच्या बाहेरच्या पाइपाच्या) लोखंडी क्लॅम्पला जोडा, कारण मोटरच्या चपट्या केबलीत अर्थिंग नसतं. आर्मर ग्लँडमधून (केबल डब्यात घट्ट धरणाऱ्या धातूच्या नटातून) घरच्या अर्थिंगला जोडायचंच, पण त्याच्या भरवशावर राहू नका, लोखंड आहे, गंजतं. बोअरजवळचा डबा (जिथं ही केबल मोटरच्या केबलीला जोडायची) जमिनीपासून दोन फूट वर आणि केबल खालून आत घ्या, म्हणजे पाणी शिरत नाही.

प्रश्नकर्ता
दीड फुटावर कातळ लागला तर? आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पावसाळ्यात सारखा पडेल, अशी भीती वाटते.

उत्तर ३
कातळ लागला तर तेवढ्या भागात केबल जीआय पाइपातून न्या आणि वर १० सेंमी काँक्रीट ओता. पाइपाची कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच केबल कापते.

मोटरला आणि दिव्यांना वेगवेगळे ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी लावा, मग एक पडला तरी दुसरं चालू राहतं. पडत असेल तर कुठंतरी गळती आहे. मोटर सोडवून केबल एकटी तपासा, मग मोटर. आरसीसीबी काढून थेट जोडणं म्हणजे ओल्या हाताने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं. ओव्हरलोडला तो पडत नाही, म्हणून मोटरसाठी १६ अँपिअरचा सी कर्व्ह (मोटर उचलतानाचा झटका सोसणारा) एमसीबी, म्हणजे जादा भाराला पडणारा स्विच, दिव्यांसाठी ६ चा.

माती टाकण्याआधी आणि टाकल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) प्रत्येक कोअर एकमेकांशी आणि आर्मरशी तपासून घ्या. १ मेगाओमच्या खाली आलं तर लाइन सोडू नका. नवी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. दुसऱ्यांदा आकडा पडला, तर धुम्मस मारताना मार बसलाय, चर पुन्हा उकरा.