ऑर्केस्ट्रा, वाद्यवृंद की वाद्यमेळ?

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे पाश्चात्य संगीताचे कार्यक्रम ऐकायला आम्ही गेली काही वर्षं मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात जातो, वर्षातून दोन सीझन असतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास आणि एक सप्टेंबरच्या, आणि तारखा लागल्या की घरात सण आल्यासारखं वाटतं. पण कुणाला सांगायला गेलं की शब्द अडतो. 'ऑर्केस्ट्राला चाललोय' म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, कुणाची गाणी आहेत? त्यांचं चूक नाही, मराठीत ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमातल्या गाण्यांचा स्टेज प्रोग्रॅम, निवेदक, ऑक्टोपॅड वगैरे. (मूळ ग्रीक शब्द तर नाचायच्या जागेचा, रंगमंचापुढे कोरस नाचायचा ती जागा.)

यंदा आईला नेलं. लहानपणी पेटी शिकलेली, पाश्चात्य संगीताशी कधी संबंध नाही. सुरुवातीला ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने एक लांब सूर धरला आणि सगळे आपापली वाद्यं त्याला लावून घ्यायला लागले, तर ही माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अगं, हे तंबोरे जुळवतात तसंच आहे की. मेळ बसवतायत." नंतर चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी होती, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची मोठी रचना, १८९३ची, तिच्या दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न (ओबोच्याच जातीचं, जरा खालच्या सुरांचं) एकटं बोलत असतं आणि खाली व्हायोलिनं इतकी हळू की श्वास घेतल्यासारखी. गेलं वर्ष आमचं सगळं आईच्या आजारपणात गेलं. तो भाग संपेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

तेव्हापासून मी वाद्यमेळ म्हणते. बरोबर आहे का?

---

वाद्यवृंद रूढ आहे ना? आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२पासूनचा, पं. रविशंकर त्याचे संचालक होते. चांगला शब्द असताना नवा कशाला?

---

वाद्यवृंद चुकीचा नाहीच. पण शिक्षकवृंद, भक्तवृंद म्हणतो तेव्हा माणसं जमली एवढंच कळतं, एकमेकांशी जुळली का ते नाही. मेळमध्ये ते जुळणं आहे, ताळमेळ, मेळ बसणे.

---

मेळला माझंही मत. तमिळमध्ये नादस्वरम (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोलासारखं) वाजवणाऱ्यांच्या ताफ्याला मेळमच म्हणतात, आणि कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता, म्हणजे मूळ राग, आहेत, म्हणजे हा शब्द संगीतात मुरलेला आहे.

---

अरे वा, मेळम माहीत नव्हतं, आईला आजच सांगते. आता 'सीझन'ला काय म्हणायचं तेही सुचवा, हंगाम म्हटलं की डोळ्यासमोर आंबा नाहीतर ऊस येतो. मोसम चालेल?