हेलन केलर यांच्यापर्यंत भाषा नेमकी कशी पोहोचली?

प्रश्न: माझी भाची जन्मतः बहिरी असून आता तिची दृष्टीही मंदावत चालली आहे. लहानपणापासून ऐकू-दिसू न शकणाऱ्या हेलन केलर यांना त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी प्रत्यक्षात कसे शिकवले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर १: मार्च १८८७ मध्ये ॲनबाई अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया येथे हेलनच्या घरी आल्या, तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती. बाहुली हातात देऊन त्या तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवीत आणि हेलन ती हुबेहूब गिरवी. परंतु प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले नव्हते, त्यामुळे पेला आणि त्यातले पाणी यांत तिचा सतत घोळ होई. ५ एप्रिलला बाईंनी तिला पंपाशी नेले, एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हातावर ‘वॉटर’ (पाणी) या शब्दाची अक्षरे आधी सावकाश, मग भरभर उमटवली. ही अक्षरे म्हणजे त्या पाण्याचेच नाव, हे तिला तेव्हा उमगले आणि त्यानंतर ती हाताला लागेल त्या वस्तूचे नाव विचारत सुटली.

उत्तर २: माझ्या मते खरे मोठेपण त्यापुढचे आहे. बाईंनी सुट्या शब्दांवर न थांबता, तान्ह्या बाळाशी बोलावे तशी पूर्ण वाक्ये तिच्या हातावर उमटवली. स्वतःचे डोळे अधू असतानाही रॅडक्लिफ महाविद्यालयातील व्याख्याने त्यांनी अशीच पोहोचवली आणि १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाल्या.

उत्तर ३: भाचीची दृष्टी शिल्लक आहे तोवरच ब्रेल आणि स्पर्शखुणा सुरू कराव्यात, ही कळकळीची विनंती. मुंबईतील हेलन केलर इन्स्टिट्यूट बहिऱ्या आणि बधिरांध (ऐकू व दिसू न शकणाऱ्या) मुलांसाठी काम करते. तेथे अवश्य चौकशी करावी.