'एर वाइस'ला शेवटी 'ट' का नाही?

प्रश्न:
जर्मन शिकतेय, आठ महिने झाले. 'तो येतो' म्हणजे 'एर कोम्ट', 'तो करतो' म्हणजे 'एर माख्ट'. हा शेवटचा 'ट' आता आपोआप तोंडात येतो. परवा परीक्षेत 'त्याला माहीत आहे' याचं 'एर वाइस्ट' लिहिलं आणि मार्क गेला. बरोबर उत्तर 'एर वाइस'. 'मला माहीत आहे' हेही 'इश वाइस'च! अपवाद आहे, पाठ करा, असं सांगितलं. पण कारण काय?

प्रतिसाद १:
कारण आहे, आणि ते संस्कृतातही दिसतं. 'विद्' (जाणणे) धातू घ्या. 'अहं वेद', 'स वेद'. दोन्हीकडे 'वेद'च, 'करोति'सारखा शेवटी 'ति' नाही (तुमच्या जर्मन 'ट'चा हा भाऊ). रूप परोक्ष भूतकाळाचं, म्हणून 'ति' लागत नाही; अर्थ मात्र वर्तमानाचा. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्रच दिलंय: 'विदो लटो वा'. म्हणून 'वेत्ति' आणि 'वेद' दोन्ही चालतात.

मूळ अर्थ 'पाहणे' (लॅटिन 'विदेरे' तोच). पाहून झालं, म्हणून आता माहीत आहे. आपण 'कळलं?' विचारतो आणि 'हो, कळलं' म्हणतो, तेव्हा रूप भूतकाळी असतं, पण सांगायचं असतं आत्ताचं.

हेच क्रियापद आद्य-जर्मानिकमध्ये (जर्मन, इंग्रजी, गॉथिक यांची आई-भाषा) '*विटनँ' असं मांडतात. आधीची तारा (*) अशासाठी, की ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकी-नाती भाषांवरून जुळवलंय. 'द'चा 'ट' झाला तो ग्रिमच्या नियमाने (जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलाचा नियम), आणि पुढे जर्मनने त्या 'ट'चा 'स' केला (इंग्रजी 'वॉटर', जर्मन 'वासर'). चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलच्या भाषेत एकवचन 'वाइट', अनेकवचन 'विटुम'. शेजारी 'वेद' आणि 'विद्म' (आम्ही जाणतो) ठेवून बघा. एकवचनात गुण (मुळातल्या 'इ'चा 'ए' किंवा 'आइ'), अनेकवचनात नाही. जर्मनचं 'वाइस' आणि 'विसन' तेच. मी हे पहिल्यांदा वहीत शेजारी-शेजारी लिहिलं, त्या रात्री झोप लागली नाही.

प्रतिसाद २:
'एर कान' (तो करू शकतो), 'एर मुस' (त्याला करावंच लागतं), 'एर डार्फ' (त्याला परवानगी आहे) हेही याच पंगतीतले. 'एर विल' (त्याला हवंय) मात्र नाही. त्यालाही 'ट' नाही, पण ते मुळात इच्छार्थी रूप.

प्रश्नकर्ती:
'विद्म' वाचून अंगावर काटा आला. इंग्रजीत काही उरलंय का?

प्रतिसाद १:
'विटनेस'. याच मुळातला, आधी अर्थ 'ज्ञान', मग 'साक्ष'. आणि आपल्या 'साक्षी'त 'अक्ष' आहे, म्हणजे डोळा.