फ्लोराइड काढायला नॅनो मटेरियल, नक्की कुठलं घेऊ?

पाणक्या: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड साधारण ४ मिग्रॅ/लिटर, ते १.५ च्या खाली आणायचंय (डब्ल्यूएचओची मर्यादा). पेपर वाचून डोकं गरगरतंय, कुणी नॅनो अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड) म्हणतं कुणी लॅन्थनम कुणी झिर्कोनियम कुणी ग्राफीन ऑक्साइड, आणि प्रत्येकाचंच सगळ्यात भारी. सुचवा कुणीतरी.

सामू_सात: ग्रॅममागे इतके मिग्रॅ धरतं हा आकडा बघून अजिबात निवडू नका. तो बऱ्याचदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भरपूर सोडियम फ्लोराइड घालून काढलेला असतो, ४ च्या पाण्यात तेच मटेरियल तेवढं धरत नाही. त्यात फ्लोराइडवालं बोअरचं पाणी बऱ्याचदा अल्कलाइन, बायकार्बोनेट भरपूर. अ‍ॅल्युमिनाला पीएच ५.५ ते ६.५ लागतो, ८ च्या पुढे गेलात की पृष्ठभागावरचा पॉझिटिव्ह चार्ज उतरत जातो आणि फ्लोराइडच्या जागा हायड्रॉक्साइड अडवून बसतो. म्हणून आधी पाण्याचा पूर्ण रिपोर्ट काढा, फॉस्फेटसकट, मग मटेरियल.

भोळा_प्रश्न: मधेच विचारतो, उकळून नाही का जाणार?

सामू_सात: नाही हो, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

मणीवाली: माझं मत झिर्कोनियम ऑक्साइडला. फारसं विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन परत वापरता येतं (धुतलेल्या पाण्यात सगळा फ्लोराइड उतरतो, ते कुठे टाकणार तेही प्रोजेक्टमध्ये लिहा, बहुतेक जण ते लिहीतच नाहीत). पण नुसती नॅनो पावडर नको, कॉलममध्ये (ज्यातून पाणी सोडतात ती नळी) भरली की पाणी तुंबतं आणि सुटी टाकली तर परत गाळून काढणं म्हणजे वैताग. कायटोसॅन किंवा अल्जिनेट अशा नैसर्गिक पॉलिमरच्या मण्यांत बसवा, क्षमता थोडी कमी होईल, होऊ दे.

पाणक्या: अ‍ॅल्युमिना लॅबमध्ये पडूनच आहे हो, त्यावर करू का?

मणीवाली: करा की, तुलनेला बरंच. फक्त शेवटी पाण्यात उतरलेलं अ‍ॅल्युमिनियमही मोजा. ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडला (फ्लोराइड मोजायची दांडी) फक्त सुटा फ्लोराइड दिसतो, म्हणजे टिसॅब बफर (धरलेला फ्लोराइड सुटा करणारं द्रावण) न घालता मोजलंत तर न निघालेला फ्लोराइडही निघाला असं वाटेल आणि गाइड खूश होतील!

पाणक्या: बाप रे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही करतो, पाण्याचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.