१३ फुटी रॉड आहे, तरी शिसं ४०-४५ पावलांपुढे जात नाही. फेक कशी सुधारू?

पुळणीवरचा
नमस्कार मंडळी. लहानपणापासून खाडीत हातदोरीने गरवत आलोय, पण समुद्राच्या पुळणीवर रॉड घेऊन यंदाच उतरलो. रत्नागिरीजवळ भाट्याला सुरूच्या बनासमोर उभा राहतो. १३ फुटी रॉड, ६००० नंबरचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), १०० ग्रॅमचं शिसं. सगळा जोर लावूनही शिसं कधी आभाळात चढतं, कधी समोरच्याच लाटेत आपटतं. परवा फेकतानाच ब्रेड तुटली, शिसं गेलं आणि बोटही कापलं. शेजारचे एक काका निम्म्या जोरात माझ्या दुप्पट लांब टाकत होते. महागडा रॉड घ्यावा लागेल का?

तंगूस४०
रॉड राहू दे, आधी लीडर लावा, म्हणजे ब्रेडच्या पुढे जोडायचा जाड दोरीचा तुकडा. लीडरशिवाय १०० ग्रॅम शिसं जोरात फेकू नका, ही कळकळीची विनंती. तुटलेलं शिसं माणसाच्या डोक्यात बसलं तर जीव जाईल. हिशेब सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला दोरीची १० पौंड ताकद. १०० ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणून किमान ४० पौंडी तंगूस (नायलॉनची दोरी). फेकायला उभं राहिल्यावर रिळावर त्याचे पाच-सहा वेढे राहतील एवढी लांबी ठेवा. मग बोटाखाली ब्रेड येत नाही, जाड तंगूस येते, आणि बोट कापत नाही. ब्रेडला जोडताना एफजी नावाची गाठ मारा, ती बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांत अडकत नाही. आणि स्पूल (रिळाची दोरी गुंडाळायची चकती) काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून भरलेलं आहे ना? अर्धवट भरलेल्या स्पूलवरून दोरी काठाला घासत जाते, तिथेच लांबी मरते.

वाऱ्याची_दिशा
त्या काकांचा डावा हात बघितलात का? खरी फेक तिथे आहे. आपण सगळे उजव्या हाताने ढकलतो, दगड मारल्यासारखं. उजव्या हाताने रिळाशी धरा, डावा रॉडच्या बुडाशी. डावा खांदा समुद्राकडे, वजन मागच्या पायावर. शिसं टोकापासून दीड मीटरभर खाली लोंबू द्या. बहुतेक जण ते टोकाशी घट्ट गुंडाळतात, त्याने रॉड वाकतच नाही. हळू सुरुवात करा. आधी कंबर फिरवा, मग छाती, आणि शेवटी उजवा हात वर जात असतानाच डावा हात झटक्यात बरगडीकडे ओढा. रॉड त्या क्षणी वाकतो.

शिसं आभाळात गेलं तर दोरी धरलेलं बोट लवकर सुटलं, समोर आपटलं तर उशिरा. नजर लाटेवर ठेवू नका, क्षितिजाच्या बरीच वर ठेवा.

सराव सुकतीला, म्हणजे ओहोटीला करा. गरी काढून टाका, मागेपुढे कोणी नाही हे बघा आणि किनाऱ्याला समांतर ओल्या वाळूवर फेका. शिसं पडतं तिथे वाटीएवढा खड्डा होतो. तिथपर्यंत पावलं मोजत जा. पाच खड्डे एका रेषेत आले की मगच जोर वाढवा.

पुळणीवरचा
तीन सकाळी हेच केलं. शिसं टोकापासून हातभरच खाली ठेवायचो, ती चूक होती. काल ७२ पावलं, आणि तीही अर्ध्या जोरात! चौथा खड्डा मात्र फार उजवीकडे गेला.

तंगूस४०
उजवीकडे म्हणजे बोट लवकर सुटलं. शेवटच्या ओढीपर्यंत थांबा.

रेणवी_मालवण
छान झालं. फक्त एक, दादा: मुडदुशी मासळीसाठी ७२ पावलं नकोतच. पहिली लाट फुटते तिच्या मागच्या चरात (वाळूतल्या लांबट खोलगट भागात), २०-२५ पावलांवर ती चरते. मी तिथेच कोळंबीचा छोटा तुकडा टाकते आणि रॉड पुरा वापरतही नाही. लांब फेक लागते ती बाहेरचा चर गाठायला. पहाटे या, जमिनीकडून येणारा मतलई वारा पाठीला असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा तोंडावर आला की शिसं जरा खालून सोडा. आणि अमावास्येच्या उधाणाला पाणी लांबवर सुकेल, तेव्हा रॉड न घेता एक फेरी मारा. चर उघडे दिसतात. सुरूच्या कोणत्या झाडासमोर आहेत ते बघून ठेवा.